खिडकीजवळचं टेबल

आम्हा बहीणभावाला हॉटेलात शिरताना कोणी पाहिलं असतं, तर ही दोघं भांडून आलीत असंच वाटलं असतं. मला भूक लागलेली असायची आणि धाकटा दारातच थांबून रस्त्यापलीकडची इमारत बघत उभा असायचा. आत गेल्यावर टेबलावरून घोळ. मला पंख्याखालचं हवं, त्याला खिडकीजवळचं. मधे वेटर ताटकळत. शेवटी खिडकीजवळच बसायचं, मेन्यूकार्डाने वारा घ्यायचा आणि मी म्हणायचं, की तुझ्याबरोबर जेवायला येणं म्हणजे साईटवर येणंच झालं. त्याला ते ऐकूच जात नसे. त्याची नजर समोरच्या तिसऱ्या मजल्यावर असे.

दर महिन्याचा दुसरा शनिवार आमचा होता. एका महिन्यात तो लातूरहून नांदेडला यायचा, पुढच्या महिन्यात मी नांदेडहून लातूरला जायचे. चाकूर, अहमदपूर, लोहा, रस्ता पाठ झालेला. आई गेल्यावर हे सुरू झालं. ती होती तोवर मी माहेरी गेले की घरीच जेवण. ती गेल्यानंतर पहिल्यांदा गेले तेव्हा आम्ही दोघं ताटावर बसलो, जेवण संपलं, तरी कोणी उठेना. आमच्या घरची रीत अशी, की जेवून झालं तरी लगेच उठायचं नाही. आई अडकित्ता घेऊन बसायची, सुपारी कातरायची आणि एकेकाच्या तळहातावर चिमूट चिमूट ठेवायची. मागायचं नाही, नुसता हात पुढे करायचा. हातावर सुपारी आली की उठायचं. त्या दिवशी आई नव्हती आणि आम्ही पन्नाशीकडे झुकलेली दोन माणसं उष्ट्या हातांनी बसून राहिलो. मग तो म्हणाला, "अक्का, पुढच्या येळेला बाहेरच जेवू."

निघताना आईच्या वस्तूंतून मी फक्त तो अडकित्ता मागून घेतला.

धाकटा एका इंजिनिअरच्या ऑफिसात नकाशे काढतो. काढायचा म्हणायला हवं, पण माझी जीभ अजून वळत नाही. डिप्लोमा झालेला माणूस. लातुरातल्या कितीतरी नव्या घरांची पायरी किती इंची आहे हे त्याला ठाऊक, कारण ती त्यानेच काढलेली. सही इंजिनिअरची, रेषा याची. याचा राग मला यायचा, त्याला नाही. त्याला इमारती आवडायच्या, आपल्या आणि परक्याही, आणि आमच्यासारख्या गावांत इमारती आवडणं हे जरा अवघडच दुखणं. लोक देवळं बघायला जातात, इस्लापूरकडे धबधबा बघायला जातात. हा नवीन शोरूम, मंगल कार्यालय, क्लासेसची सहा मजली इमारत बघायला जाणार, आणि तीही जेवता जेवता.

त्यानेच मला बघायला शिकवलं. समोरून बघू नको, म्हणायचा, समोरून सगळ्याच नटतात, कडेनं बघ. आणि खरंच समोर निळी काच, चकचकीत पत्रे, आणि कडेच्या भिंतीला साधा गिलावाही नाही, विटा उघड्या, पाइप लोंबणारे. मराठवाड्याच्या उन्हात अख्खी भिंत काचेची करणाऱ्याला तो मनापासून शिव्या द्यायचा, आणि दुपार कलली, तीच काच पिवळी झाली, की हातातला घास हातातच धरून बघत बसायचा. आमच्याकडे गच्चीवर कॉलमच्या सळया तशाच वर सोडलेल्या असतात, पुढेमागे मजला चढवता यावा म्हणून. मला ते गबाळं दिसायचं. तो म्हणायचा, त्यांना अजून आशा हाय गं. भूकंपानंतर आम्ही दोघांनीही कित्येक महिने पत्र्याखाली काढले आहेत. डोक्यावर स्लॅब नको, असं म्हणणाऱ्या गावात पुन्हा कोणी मजल्यावर मजला चढवतं, याचं त्याला कायम अप्रूप वाटत आलं.

आणि खाणं. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही, तेव्हा पाटी शुद्ध शाकाहारीचीच हवी. पण त्या कुंपणाच्या आत त्याने काही सोडलं नाही. लातूरला निलंगा राईस, तोही कपाळावर घाम फुटेल असा, वर पुन्हा मिरचीची भजी. शेवभाजी तर इतकी झणझणीत मागवायचा, की वेटर एकदा माझ्याकडे बघून खात्री करून घ्यायचा. नांदेडला आमचं ठरलेलं हॉटेल पहिल्या मजल्यावर होतं, डोशाचं. त्याच्या खिडकीतून समोर एक मोठा दवाखाना उभा राहताना आम्ही पाहिला. आधी नुसता खड्डा, मग सळया, मग एकेक स्लॅब. वर्ष-दीड वर्ष आम्ही त्या खिडकीत डोसे खाल्ले आणि दवाखाना वाढत गेला. काच लागली तेव्हा धाकट्याने मोठा उसासा टाकला. पण मधोमध वरपर्यंत उघडी जागा ठेवली होती, आणि काचेतून आतला जिना वळत वर जाताना दिसायचा. ते त्याला फार आवडलं. एकदा आत जाऊन खालून वर बघू, म्हणाला. मी म्हटलं, दवाखान्यात काही काम असल्याशिवाय जाऊ नये. तेव्हा त्याने तो विषय सोडला.

त्याची स्वतःची म्हणावी अशी इमारतही लातुरात एक आहे. क्लासेसचीच. तिचा दर्शनी भाग इंजिनिअरने पूर्ण त्याच्यावर सोडला होता. याने कोपरा गोल केला आणि जिन्यापुढे विटांची जाळी घातली, वरपासून खालपर्यंत, वारा खेळता राहावा म्हणून. काच नाही. पहिल्या निकालानंतर मालकाने त्या जाळीवर गुणवंतांच्या फोटोंचा फ्लेक्स चढवला, तो आजतागायत आहे, फक्त चेहरे बदलतात. मी चिडून म्हटलं, जाऊन सांग त्यांना. तो म्हणाला, वारा तर जातोय ना मागून.

गुटखा त्याला ऑफिसातच लागला. दिवसभर कॉम्प्युटरसमोर, एक हात माउसवर, दुसरा रिकामा. बंदी आहे म्हणतात, पण टपरीवर हळूच मागितला की मिळतो. एका शनिवारी जेवण झाल्यावर त्याने खिशातून पुडी काढून दातांनी फाडली, आणि मी ती हिसकावून खिडकीबाहेर भिरकावली. मी शाळेत विज्ञान शिकवते. तंबाखूमुक्त शाळेची शपथ दरवर्षी मीच मुलांकडून म्हणवून घेते. माझा भाऊ माझ्यादेखत पुडी फाडतो म्हणजे काय. मी त्याला भर हॉटेलात फैलावर घेतलं. तो मान खाली घालून म्हणाला, "सोडतो अक्का. पण तोंडात कायतरी लागतंय मला. कायच नसलं की हात चालत न्हाई."

मी म्हणाले, मी देते.

हे दोन शब्द मी आता रोज ऐकते, माझ्याच आवाजात.

मी सुपारी केली. आई करायची तशी, तिच्यापेक्षा चांगली. सुपारी दुधात भिजवून मऊ करायची, अडकित्त्याने बारीक कातरायची, तुपावर मंद परतायची, मग बडीशेप, ज्येष्ठमध, लवंग, किसलेलं खोबरं. तंबाखूचा कण नाही. स्टीलच्या चपट्या डबीत महिनाभर पुरेल एवढी भरायची. दुसऱ्या शनिवारी तो रिकामी डबी द्यायचा, मी भरलेली द्यायचे. आणि हॉटेलात बिल येईपर्यंत मी पर्समधून माझ्या डबीतली चिमूट काढायचे, तो बोलता बोलता, इमारतीवरची नजर न काढता, हात पुढे करायचा. आईची रीत आम्ही हॉटेलात चालवली. वेटरने बशीत आणलेल्या बडीशेपेला आम्ही कधी हात लावला नाही.

गुटखा सुटला. खरंच सुटला. मी ही गोष्ट स्टाफरूममध्ये इतक्या वेळा सांगितली, की दोघी-तिघींनी नवऱ्यांसाठी कृती लिहून मागितली, आणि मी ती छान अक्षरात लिहून दिली. मी फळ्यावर तंबाखूचे दुष्परिणाम लिहायचे, खडू ठेवायचे, हात धुवायचे आणि चिमूटभर सुपारी तोंडात टाकायचे. पुस्तकात तंबाखू लिहिलं होतं. सुपारी म्हणजे पूजेत गणपती म्हणून मांडतात ती. तिचा कोणी कशाला संशय घेईल?

आधी तिखट गेलं. निलंगा राईसचा पहिलाच घास घेतला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मी म्हटलं, काय रे, वय झालं का. त्याने दही मागवलं. मग मिरचीची भजी बंद, मग शेवभाजी बंद. तो फक्त साधा डोसा घ्यायला लागला, आणि तोही लहान लहान तुकडे करून, पुढच्या दातांनी. मी त्याची टर उडवली, की पुण्याच्या पाहुण्यासारखा खातोस. तो हसला. हसताना त्याचं तोंड उघडत नाही, हे मला दिसत होतं. मी ते पाहिलं आणि त्याचा अर्थ लावला नाही. मुलांना मी वर्षानुवर्षं सांगत आले आहे, की निरीक्षण केलं की लगेच नोंद करा.

मग लातूरला पाणीपुरीचा दिवस आला. गंजगोलाईकडून चालत येताना मलाच हुक्की आली. तो म्हणाला, तू खा. मी म्हटलं, एकटी कशी खाऊ, आणि पहिली पुरी त्याच्या हातात दिली. त्याने ती तोंडाशी नेली. पुरी आत जाईना. त्याने मान मागे केली, पुन्हा प्रयत्न केला, पुरी दातांवर आपटून फुटली आणि सगळं पाणी शर्टावर सांडलं. मी हसले. पोटभर हसले, गाडीवालाही हसला. धाकट्याने रुमालाने शर्ट पुसला आणि म्हणाला, "पुऱ्या मोठ्या करायलेत आजकाल." त्या दिवशीही मी त्याला भरलेली डबी दिली आणि त्याने ती खिशात ठेवली.

पुढे चार-पाच महिन्यांनी नांदेडला, आमच्या त्याच खिडकीत, त्याने डोशाचा तुकडा तोंडात घातला आणि लगेच कागदी रुमाल ओठांना लावला. रुमालावर रक्त होतं. त्याने घाईने त्याची घडी घातली, पण मी ती हातातून काढून घेतली. गालाला आतून फोड आहे, म्हणाला, दात लागतो. किती दिवस झाले, विचारलं तर तो खिडकीबाहेर बघायला लागला. मी जेवण तसंच टाकलं, त्याचा दंड धरला, जिना उतरले, रस्ता ओलांडला. आम्ही त्या समोरच्या दवाखान्यात पहिल्यांदा शिरलो ते असे.

त्याही दिवशी त्याला ती इमारत आवडली. नंबर यायला वेळ होता. तो बाकावरून उठला, मधल्या उघड्या जागेत जाऊन उभा राहिला आणि मान वर करून बघत राहिला. वर काचेतून ऊन येत होतं आणि जिन्याच्या कठड्याची सावली मजल्यामजल्यावरून उतरत खाली आली होती. मला हाताने बोलावलं. "बघ, दुपारी लाईट लावायची गरजच न्हाई," म्हणाला. मी त्याच्या शेजारी उभी राहून वर बघितलं. तेवढ्यात आमचा नंबर पुकारला.

डॉक्टरांनी त्याला स्वतःचीच तीन बोटं उभी करून तोंडात घालायला सांगितलं. एक गेलं. दुसरं अर्धं. गुटखा खाता का, असं विचारलं तर धाकटा लगेच हो म्हणाला, लई वर्षं खाल्ला. एवढं तातडीने तो कधी कबूल होत नाही. मला ते सहन झालं नाही. मी मधे पडले आणि डॉक्टरांना सांगितलं, की गुटखा कधीच सुटला, मीच सोडवला, आता फक्त घरची सुपारी खातो, साधी, तुपावरची, तंबाखूचा कण नसलेली. मी डबीसुद्धा काढून दाखवली. त्यांनी डबी उघडली, वास घेतला, बंद करून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "बाई, तोंड आखडतं ते सुपारीनंच. तंबाखू असो नसो."

ते हळू बोलले. मुद्दाम लागेल असं बोलले नाहीत. गाल आतून कडक होत जातो, तोंड मिटत जातं, पुढे त्यात काहीही होऊ शकतं, असं त्यांनी समजावलं. या जखमेचा तुकडा तपासावा लागेल, आणि ही जखम आजची नाही, वर्षभरापूर्वी यायला हवं होतं. मी धाकट्याकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. त्याला धक्का बसला असेल असं मला वाटलं. धक्का मला एकटीलाच बसला होता, हे कळायला आणखी महिना जावा लागला.

तुकड्याचा अहवाल आला, कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं. डावा जबडा निम्मा गेला, जिभेचा काही भाग गेला. नाकातून नळी घातली. पातळ केलेलं अन्न सिरिंजने नळीतून द्यायचं. ज्या माणसाने खिडकीत बसून दोन जिल्ह्यांच्या जेवणाची चव घेतली, त्याला मी मिक्सरमधून काढून गाळलेला वरणभात नळीने दिला, आणि तो कसा झालाय हे विचारायची सोय उरली नाही.

सुट्टी मिळायच्या आदल्या दिवशी भावजय लातूरहून त्याचे कपडे घेऊन आली. पिशवीतून तिने प्लास्टिकची मोठी बरणी काढली, लोणच्याची असते तशी, आणि बाकावर माझ्या शेजारी ठेवली. बरणी सुपारीने भरली होती. माझ्या सुपारीने. वास यायच्या आधीच मी ओळखली, एवढी बारीक मीच कातरते.

ती म्हणाली, "वर्ष झालं, ह्यातलं एक खांड बी खाल्लं न्हाई त्यांनी. लातूरच्या दाताच्या डॉक्टरनं सांगितलं तवापासून. तुमची डबी आणायचे आन् हिच्यात रिकामी करायचे. अक्काला कळू देऊ नको म्हणले, ती जिवाला लावून घेईल."

मी तिला विचारलं, की त्या डॉक्टरने तेव्हाच मोठ्या दवाखान्यात जायला सांगितलं होतं का. सांगितलं होतं. पांढरा डाग दिसला होता, तुकडा तपासा म्हणाले होते. मग गेला का नाही? भावजय पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. आमच्या घरात माझ्याशिवाय कोणी कधी दवाखान्यात गेलेलं नाही. वडिलांच्या वेळी मी, आईच्या वेळी मी, भावजयीच्या बाळंतपणात मी. तो तपासायला गेला असता तर मी आलेच असते, आणि मी आले असते तर डॉक्टरने कारण माझ्यासमोर सांगितलं असतं. म्हणून तो गेला नाही. वर्षभर.

मी स्वतःला सांगून पाहिलं, की तो घाबरला असेल. माणसं घाबरतात, टाळतात, तुकडा काढायला नको म्हणतात, त्यात माझा काय संबंध. नवराही हेच म्हणतो. पण ती बरणी मी हातात घेतली आहे. वर्षभराच्या डब्या त्याने एकेक करून तिच्यात ओतल्या, आणि दर दुसऱ्या शनिवारी रिकामी डबी धुऊन, पुसून माझ्या हातात दिली. मग हॉटेलात माझ्या हातून घेतलेल्या चिमटीचं काय करायचा? भावजयीला विचारलं. तेवढी खायचे, म्हणाली, तुमच्यासमोर थुंकता कशी येईल.

म्हणजे आधी माझ्या मायेने त्याचं तोंड मिटलं आणि मग त्याच्या मायेने वर्ष घालवलं. याला मी दुसरं नाव देऊ शकत नाही. कोणावर ओरडावं तर समोर कोणी नाही. बरणी मी घरी आणून मोरीत रिकामी करायला घेतली, अर्ध्यावर मोरी तुंबली, तशी हाताने भरभरून पिशवीत घातली आणि कचरागाडीत टाकली. स्टाफरूममध्ये ज्यांना कृती लिहून दिली होती त्यांच्याकडे मी एकेकीच्या टेबलाशी गेले आणि सुपारी बंद करा म्हणून सांगितलं. एक जण म्हणाली, अहो, आमच्याकडे तर पिढ्यानपिढ्या खातात. मी पुढच्या टेबलाशी गेले. अडकित्ता कपाटात आहे. तो टाकवत नाही आणि बघवतही नाही.

रेडिएशन झालं. मग गळ्याला पुन्हा गाठ लागली. आता डॉक्टर ऑपरेशनचं नाव काढत नाहीत, दुखणार नाही असं बघू म्हणतात. धाकट्याला हे माहीत आहे. तो वहीवर लिहून बोलतो, नकाशासाठी वापरायचा त्या चौकटीच्या कागदावर, आणि अक्षर पूर्वीसारखंच सरळ आहे.

गेल्या दुसऱ्या शनिवारी मी लातूरला गेले. पोचले तर तो तयार होऊन बसलेला, इस्त्रीचा शर्ट, तोंडावर मास्क, नळीचं टोक कानामागे चिकटपट्टीने लावलेलं. कागद पुढे केला. त्यावर लिहिलं होतं, बाहेर जाऊ. भावजय माझ्याकडे बघत राहिली. मी नको म्हणाले, उन्हाचं कुठे, दगदग होईल, तिथे जाऊन करायचं काय. त्याने कागदावर खाली आणखी एक ओळ लिहिली, नवं हॉटेल झालंय, माझ्या बिल्डिंगसमोर.

रिक्षाने गेलो. हॉटेल पहिल्या मजल्यावर, एसीवालं. आता उकाड्याची तक्रार करायलाही जागा नव्हती. खिडकीजवळचं टेबल रिकामं होतं आणि मी आपणहून तिथे जाऊन बसले. समोर त्याची इमारत. फ्लेक्स होताच, पोरापोरींचे हसरे चेहरे तीन मजले उंच, पण एका कडेने तो सुटून लोंबत होता, आणि तिथून जाळीच्या विटा दिसत होत्या. जाळीमागे कोणीतरी जिना चढत होतं, एकेका भोकातून पांढरा शर्ट दिसायचा आणि जायचा. गच्चीवर सळया तशाच होत्या. गंजल्या होत्या.

वेटर आला. मी चहा सांगितला. धाकट्याने मान हलवली, मेन्यूकार्ड माझ्या हातातून घेतलं आणि बोट ठेवून दाखवलं. शेवभाजी, निलंगा राईस, मिरचीची भजी. एकटीला कसं संपेल, मी म्हटलं. माझा आवाज चढला, आजूबाजूची माणसं बघायला लागली. मी त्याला म्हटलं, की तुझ्यासमोर बसून मी हे गिळायचं, हे मला जमणार नाही, मला असली शिक्षा देऊ नकोस. त्याने वही ओढली. शिक्षा हा शब्द त्याला कळला होता. त्याने पेनचं टोपण काढलं. मग लिहिलं, "तू जेव. मी बघतो."

मी जेवले. सगळं आलं, सगळ्यातलं खाल्लं. तिखटाने डोळ्यांतून पाणी आलं, ते बरंच झालं. तो माझ्याकडे एकदाही बघत नव्हता. मास्कच्या वर त्याचे डोळे समोरच्या कोपऱ्यावर होते, गोल कोपऱ्यावर, आणि टेबलावर त्याचं बोट हळूहळू तोच गोल काढत होतं. एवढा स्वस्थ तो मला वर्षभरात दिसला नव्हता. पांढरा शर्ट उतरून खाली आला, पुन्हा भोकाभोकांतून.

वेटरने ताट उचललं. बिल आलं, बरोबर बडीशेपेची बशी. मी बिल बघत होते. धाकटा अजून खिडकीबाहेरच बघत होता, आणि बघता बघता, मान न वळवता, त्याने टेबलावरून माझ्यासमोर हात पुढे केला, तळहात वर करून.

तो हात का पुढे आला हे त्याच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. मग त्याने मान वळवली आणि माझ्यासारखाच तोही त्या हाताकडे बघायला लागला. मागे घ्यावा की ठेवावा हे त्याला कळेना. माझी पर्स मांडीवर होती, डबीचा कप्पा रिकामा होता, आणि त्या हातावर ठेवायला माझ्याजवळ काहीच नव्हतं.